तंबाखूच्या डबीतला अंगठा

१

रेनडिअरची शेवटची तंगडी चोरीला गेली त्या दिवशी ‘टेम्परन्स’ जहाजावरच्या सगळ्या माणसांनी आधी रिकाम्या हूककडे पाहिलं आणि मग माझ्या मुलाकडे. मधे दुसरीकडे कुठे पाहावं असं कुणाला वाटलंच नाही.

तंगडी मोठ्या डोलकाठीच्या दोरांवर टांगलेली होती, दगडासारखी गोठलेली. सकाळी आचारी कंदील घेऊन गेला (सकाळ म्हणायची आपली, सूर्य कधीचाच गेला होता) तर हूक मोकळा आणि खाली बर्फावर चार केस. ही तंगडी कुणाच्या चैनीची नव्हती. जहाज खाडीत बर्फाने धरून ठेवलेलं. माणसांच्या हिरड्या सुजून काळ्या पडलेल्या, दात हलायला लागलेले. स्कर्व्ही. आजाऱ्यांच्या खोलीत चार जण पडून होते. आधीचं ताजं मांस डॉक्टरच्या हाताने त्यांच्या सुपात जायचं, ते जरा लवकरच संपलं. उरली ही एक तंगडी, तीही डॉक्टरच्याच सांगण्यावरून अगदी वाईट वेळेसाठी राखून ठेवलेली.

मी बिबियाने. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वस्तीतून या इंग्रजांनी मला कातडी शिवायला आणलं, आणि माझ्या हबाकुकला कुत्री हाकायला आणि शिकारीला. पाद्र्याकडे अक्षरं गिरवली तेवढीच माझी शाळा. पण नाक देवाने मला पुरतं दिलंय, आणि त्या जहाजावर सगळ्यात जास्त शिणलं ते तेच. ओली लोकर, न धुतलेल्या दाढ्या, सडक्या तोंडांची फुंकर. बिछान्यावरच्या फळ्यांना माणसांचाच श्वास गोठून चिकटायचा आणि शेगडी पेटली की तोच थेंब थेंब त्यांच्या तोंडावर गळायचा. आपला श्वास आपणच पिऊन झोपणारी ही माणसं मला घाणेरडी म्हणायची, कारण मी कातडं मऊ करायला दातांनी चावते. चावलेले बूट मात्र त्यांना हवे असायचे. ‘टेम्परन्स’ म्हणजे संयम, असं कप्तानाने मला एकदा सांगितलं होतं. सांगताना हातात रमचा पेला होता.

“कच्चं खाणारी जात,” लेफ्टनंट पेनगेली म्हणाला. हा कप्तानाच्या खालोखालचा, मिशीला मेण लावणारा. “कुठे धूर नाही, शिजल्याचा वास नाही. कच्चं कोण खातं इथे?”

“मी खातो,” हबाकुक म्हणाला. “मारलंही मीच होतं. चोरूनच खायचं असतं तर मारलं तिथेच खाल्लं असतं. इथवर ओढत कशाला आणलं असतं?”

“पहाऱ्यावरच्या माणसाने फरचा कोट पाहिलाय. टोपडं पुढे ओढलेला.”

“फरचा कोट तुझ्याही अंगावर आहे,” मी म्हणाले. व्हेल मारायला येणाऱ्या जहाजांमुळे त्यांची बोली मला लहानपणापासून येते, आणि माझ्या बोलीत कप्तानालाही ‘तू’च. “मीच शिवलाय तो, कप्तानाचा आणि डॉक्टरचाही. काखेत उसवलाय, तेही दिसतंय मला.”

खलाशी हसले आणि तिथेच बिघडलं. चारचौघांत हसू झालं की साहेब माणसाला शिक्षा सुचते.

कप्तान ऑलरडाइस घसा खाकरून म्हणाला, “तुम्ही दोघं जहाजावरून उतरायचं. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, प्रार्थना झाल्यावर. आत्ता वादळ आहे. वादळात कुणाला बाहेर काढलं असं व्हायला नको.”

“आणि बंदूक? कुत्री?”

“ती जहाजाची आहेत.”

काळोखात, बंदुकीवाचून, कुत्र्यांवाचून. याला ते मारणं म्हणणार नव्हते. त्यांच्या मते ते फक्त दार लावून घेत होते. असल्या माणसांचे हात नेहमी स्वच्छ असतात, म्हणून तर त्यांच्याशी हात मिळवताना मला शिसारी येते.

हबाकुकला कोळशाच्या कोठारात कोंडलं. मी कप्तानाला म्हणाले, “मला मोकळी ठेव. चोर आणून देते.”

“शोध,” तो म्हणाला. “पण शिवण थांबवू नकोस.”

२

आजाऱ्यांची खोली मागच्या बाजूला, साहेबांच्या केबिनांच्या बोळाच्या अगदी टोकाला. तिथे मॅग्नस इस्बिस्टर पडला होता, ऑर्कनी बेटांवरचा म्हातारा, जहाजाची शिडं शिवणारा. त्या सगळ्या गोतावळ्यात माझ्याशी भांडायच्या लायकीचा हा एकटाच. माझा टाका बायकी, असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, तुझ्या टाक्यातून व्हेल निघून जाईल.

“आलीस, चेटकिणी?”

“आले. तू अजून मेला नाहीस?”

“आज कसा मरेन? आज वाटाण्याचं सूप आहे.” हसला तर हिरड्यांतून रक्त आलं. “हबाकुकने नाही चोरलं. त्या पोराला चोरी करता आली असती तर माझी तंबाखू कधीच गेली असती.”

“तुला झोप लागते का?”

“उंदीर झोपू देईल तर ना. भिंतीपलीकडे कुरतडतो मेला. कुर्र, कुर्र. मग थांबतो. मग परत कुर्र.”

“शेवटचा उंदीर आमच्या कुत्र्यांनी कधीच खाल्ला.”

“मग त्याचं भूत असेल.”

एवढ्यात डॉक्टर स्ट्रॅचन आला. नाकापासून हनुवटीपर्यंत मफलर. घसा धरला होता म्हणे, तो किती आठवडे धरलेलाच. शरद ऋतूत हा दर रविवारी गळा मोकळा सोडून गायचा, आता बोलायचाही मफलरच्या आतून.

“तुमच्या मुलाचं ऐकून वाईट वाटलं, बाई,” तो म्हणाला. त्या जहाजावर मला ‘तुम्ही’ म्हणणारा हाच. बर्फ धरायला लागलं तेव्हा माझ्याजवळ येऊन बसला होता आणि विचारत होता, तुमच्या लोकांना ही स्कर्व्ही का होत नाही? मी सांगितलं, मांस कच्चं खा, रक्तासकट. शिजवलंस की त्यातला जीव जातो. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याच संध्याकाळी कप्तानाच्या टेबलाशी मला ऐकू येईल असं म्हणाला, “रानटी समजुती. लिंबाचा रस पुरेसा आहे.” सगळे हसले. मी तिथेच त्यांचे मोजे शिवत होते.

निघताना बोळात माझा बूट चिकटला. वाकून पाहिलं. फळीवर रक्ताचा थेंब, अजून ओलसर.

गोठलेलं मांस रक्त सांडत नाही. चोरणाऱ्याने ते उबेत नेऊन विरघळवलं होतं. खलाशी एकमेकांच्या अंगावर झोपतात, तिथे तंगडी सोडा, शिंकसुद्धा लपत नाही. आणि आमच्यातला कुणी असता तर विरघळू दिलंच नसतं. गोठलेलं असतानाच पातळ पातळ तासून खायचं, जिभेवर विरघळतं. विरघळलेलं मांस मऊ, लिबलिबीत, लहान मुलंसुद्धा तोंडातून काढून टाकतात.

त्या बोळात दारं तीनच. कप्तान, पेनगेली आणि डॉक्टर.

३

कप्तान म्हणाला, “एका थेंबावरून माझ्या अधिकाऱ्यांवर आळ घेतेस? कुणाचं नाक फुटलं असेल.”

मी परत शिवायला बसले.

जहाजाला आग लागली तर पाणी हवं म्हणून बर्फाला एक भोक पाडून ठेवलेलं असतं, ते रोज फोडून मोकळं ठेवायचं. त्यात मी सीलची कातडी दोरीने बांधून भिजत सोडत असे, केस सुटायला. पेनगेलीला ते आवडायचं नाही. “आमच्या आगीच्या पाण्यात तुझी कातडी,” म्हणायचा. जणू आग नाक मुरडणार होती.

वादळ ओसरलं त्या दिवशी मी कातडं वर ओढलं तर जड लागलं. घडीत काहीतरी अडकलं होतं. उलगडलं. रेनडिअरच्या मांडीची नळी, वीतभर.

चोराने ती भोकात टाकली, वाटलं गेली समुद्राच्या तळाला. ती माझ्या कातड्याच्या झोळीत पडली.

मी बर्फावर बसले आणि ती नळी फिरवून फिरवून पाहिली. मांस खरवडून काढलं होतं, पण नळी फोडलीच नव्हती! आत मगज भरलेला, जसाच्या तसा. मला चोरीपेक्षा याचा राग आला. आमच्यात दोन वर्षांच्या पोराला विचारा, जनावरातला सगळ्यात चांगला घास कुठला, ते दगड हातात घेऊन नळीपाशी बसेल. नळी न फोडता टाकणारा माणूस आमचा नव्हे, हे सांगायला कुठल्याही कप्तानाची गरज नाही.

दुसरं म्हणजे ती सांध्यावर सुरीने सोडवलेली नव्हती. दोन्हीकडून करवतीने कापली होती. मी सुताराच्या करवतीने कापलेल्या फळीशी ताडून पाहिलं. फळीचं तोंड खरखरीत, दातेरी. हाडाचं तोंड काचेसारखं गुळगुळीत, आणि त्या गुळगुळीतावर एकच खोल ओरखडा, आडवा.

मनात मी पेनगेलीचं नाव पक्कं केलं. का? मला तो आवडायचा नाही म्हणून. कोट त्याच्याकडे होता, केबिन होती, शिकारीच्या हत्यारांची लाकडी पेटी होती, त्यात बारीक करवत असणारच. नळी मी बाहीत लपवली. शुक्रवारी त्यांचं नाटक होतं. सगळं जहाज एकत्र बसणार. तिथेच उभी राहून त्याची मिशी उतरवायची, असं ठरवलं.

४

नाटक म्हणजे काय, तर मोठ्या माणसांनी बायकांचे कपडे घालायचे. मागच्या खोलीत माणसं मरायला टेकलेली आणि इथे हे शिडाच्या कापडाचे परकर नेसून कुल्ले हलवणार. पेनगेली नवरी झाला होता. मिशी पिठाने झाकलेली, ओठांना बीटाचा रस. पुढे चरबीच्या दिव्यांची ओळ.

खलाशी ओरडत होते, “लेफ्टनंटबाई, एक पापा!”

“आधी दात घासून ये!” नवरी किंचाळली.

डॉक्टरने गावं म्हणून सगळे मागे लागले. त्याने मफलरवर हात ठेवून मान हलवली आणि मागच्या काळोखात जाऊन बसला.

मी बाहीतल्या नळीवर हात घट्ट केला. नवरीचं शेवटचं रडगाणं झालं की उठायचं. पेनगेलीने दोन्ही हात आकाशाकडे केले, दिव्यांवर वाकला आणि तोंड आ करून हंबरडा फोडला.

आणि मला त्याचं तोंड आतून दिसलं.

हिरड्या काळ्या. दातांवर फुगून आलेल्या, कुजलेल्या शेवाळासारख्या. एक सुळा बोलताना हलत होता. मिशीला मेण लावून, छाती पुढे काढून फिरणारा हा माणूस आतून सडत होता आणि कुणाला कळू देत नव्हता.

आठवडाभर कच्चं मांस खाणाऱ्याचं तोंड असं नसतं. मी जागची उठलेच नाही. माझा चोर माझ्या डोळ्यांसमोर परकर सावरत निर्दोष होऊन गेला, आणि रविवार परवावर आला होता.

५

शनिवारी उठल्याबरोबर मी नळी घेऊन मॅग्नसकडे गेले. म्हटलं, पुरावा गेला चुलीत, निदान मगज तरी त्याच्या पोटात जाऊ दे.

त्याचे पाय जांभळे पडले होते. खोलीत वास असा की डोळ्यांत पाणी यावं.

“लांब बस,” तो म्हणाला. “चार दिवस झाले, पाय सडायला लागलाय माझा. माझाच वास मला सहन होत नाही. तुझी माफी मागतो.”

“साठ वर्षांत तू पहिल्यांदा माफी मागितलीस, तीही वासाबद्दल. आ कर.”

मी नळीचं एक टोक हातोडीने फोडलं, मगज बोटावर घेतला आणि त्याला भरवला. त्याने डोळे मिटून चघळला. मग दुसरं, करवतीचं टोक हातात घेतलं आणि त्यावर बोट फिरवलं.

“हा काप मी पाहिलाय,” तो म्हणाला.

“कुठे?”

“उशीखाली हात घाल. तंबाखूची डबी.”

डबी उघडली तर तंबाखू नाही. चिंधीत गुंडाळलेला पायाचा अंगठा. काळा, वाळलेला, नखासकट.

“शी! हे काय ठेवलंयस?”

“माझा आहे. हिमदंशाने गेला. डॉक्टरने कापला, तो बादलीत टाकत होता, मी मागून घेतला. मेलो की माझ्याबरोबर शिवायचा. देवासमोर लंगडत जाणार नाही मी.”

मी अंगठा दिव्यापाशी धरला. हाडाचं तोंड काचेसारखं गुळगुळीत. आणि त्यावर एकच खोल ओरखडा, आडवा.

नळी शेजारी धरली. तोच ओरखडा.

मॅग्नस भिंतीकडे पाहत होता. त्या भिंतीपलीकडे डॉक्टरची केबिन. त्यात स्वतंत्र शेगडी, आजाऱ्यांना ऊन पाणी लागतं म्हणून.

“उंदीर,” तो हळूच म्हणाला.

६

दर शनिवारी सगळ्यांना डेकवर उभं करून डॉक्टर तोंडं तपासायचा. वर कापडाचं छत, मधे एक दिवा. आधी कप्तान, मग पेनगेली, मग बाकीचे. आ करायचं, डॉक्टर बघायचा, आणि मफलरच्या आतून म्हणायचा, “लिंबाचा रस वाढवा.”

माझी पाळी आली. मी तोंड उघडलं, त्याने बत्तीस दात मोजल्यासारखं केलं. मी तोंड मिटलं पण जागेवरून हलले नाही.

“सगळ्यांची तोंडं तू बघतोस,” मी म्हणाले. “तुझं कोण बघतं?”

खलाशी हसले. डॉक्टरचेही डोळे हसल्यासारखे बारीक झाले. “माझा घसा धरलाय, बाई.”

“घसा नको मला. मफलर काढ आणि ओठ वर कर.”

“या बाईला खाली न्या!” पेनगेली ओरडला.

“तू गप रे, नवरीबाई. तुझं तोंड काल पाहिलंय मी. चोर नाहीस तू. तुझे दात पडायच्या वाटेवर आहेत, त्याची काळजी कर.”

पेनगेलीचा हात आपोआप मिशीकडे गेला. मग तो डॉक्टरकडे वळला, आणि पेनगेलीबद्दल एवढं एकच बरं मला सांगता येईल. “काढ की मफलर, स्ट्रॅचन,” तो म्हणाला. “आम्ही दर आठवड्याला आ करतो.”

कप्तानही म्हणाला, “काढा, डॉक्टर. विषय मिटेल.”

डॉक्टरने मफलर खाली केला. ओठ मिटलेलेच. मी दिवा जवळ नेला. शेवटी त्याला श्वास घ्यावा लागला.

हिरड्या गुलाबी. माझ्या नातवासारख्या. सगळ्या जहाजावर तसं एकच तोंड होतं, माझ्या आणि हबाकुकच्या खेरीज.

“मी लिंबाचा रस नेमाने घेतो,” तो म्हणाला.

“आम्हीपण नेमानेच घेतो!” मागून कुणीतरी म्हणालं. आता कुणी हसलं नाही.

मी कप्तानापुढे नळी ठेवली आणि शेजारी डबीतला अंगठा. कप्तानाने नाकाला रुमाल लावला. मी म्हणाले, “रुमाल काढ आणि नीट बघ. हा अंगठा मॅग्नसचा, ही नळी चोरलेल्या तंगडीची, माझ्या कातड्यात सापडलेली. दोन्हींवर एकच ओरखडा. ज्या करवतीने माणूस कापला तिनेच तंगडी कापली. नळी न फोडता फेकली, म्हणजे आमचा माणूस नाही. उबेत विरघळवली, म्हणजे शेगडीवाला. रात्री भिंतीपलीकडे कुरतडत होता तो उंदीर कुठला, ते मॅग्नसला विचार. आणि कच्चं खाल्लं की ही रोगराई टळते, हे या जहाजावर माझ्याकडून एकानेच विचारून घेतलं होतं.”

“करवत आणा,” कप्तान म्हणाला.

आणली. बारीक दात्यांची, चकचकीत. मधला एक दात तुटून वाकडा झालेला.

मग केबिन उघडली. औषधांच्या पेटीत, पट्ट्यांच्या खाली, तंगडीचा उरलेला भाग. दोन तृतीयांश तसाच. हिरवा पडलेला, बुळबुळीत, त्याला हात लावताच चिकट पाणी सुटलं. बाहेर टांगला तर दिसेल म्हणून त्याने तो शेगडीच्या उबेत लपवला आणि कुजवला. शिजवलं तर वास येईल म्हणून भीती, आणि कुजल्याचा वास यायला लागला तेव्हा तो कुणाच्या नावावर गेला, तर भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्याच्या पायाच्या. मॅग्नस आमच्या सगळ्यांची माफी मागत होता त्या वासाबद्दल. तो त्याचा वास नव्हताच. त्याला वाचवू शकलं असतं ते मांस हातभर अंतरावर सडत होतं.

“विचार करा,” डॉक्टर कप्तानाला म्हणाला, अगदी शांतपणे, गाण्याच्या आवाजात. “चौघांत वाटून कुणीच वाचलं नसतं. डॉक्टर वाचला तर सगळे वाचतील. कुणीतरी हा निर्णय घ्यायलाच हवा होता.”

“आणि माझा मुलगा?” मी विचारलं. “त्याचाही निर्णय घेतलास?”

“त्याबद्दल मला खरंच वाईट वाटलं होतं, बाई. तुम्हाला बोललो होतो मी.”

मी त्याच्या पायाशी थुंकले. ते लगेच गोठलं. कुणी पुसायला आलं नाही.

७

हबाकुक कोळशातून काळा होऊन वर आला. कप्तानाने त्याला बंदूक दिली आणि म्हणाला, “गैरसमज झाला.” एवढंच. डॉक्टरला शिक्षा काय, तर जेवणाच्या टेबलाशी आठवडाभर कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. अंगठे अजून गळत होते, कापायला दुसरा कोण होता? आणि सगळ्यांना तंबी, की ही गोष्ट जहाजाबाहेर जायची नाही. मी काही तंबी ऐकणाऱ्यांतली नाही.

हबाकुकने त्याच काळोखात, सील श्वास घ्यायला वर येतो त्या बर्फातल्या भोकाशी बसून, एक सील मारला. तो ओढत आणला तेव्हा मॅग्नस गेला होता. बाकीच्या तिघांना मी कच्चं काळीज भरवलं, आणि पेनगेलीलाही. डोळे मिटून गिळलं त्याने. जगले ते.

मॅग्नसला शिवायचं कुणी? मेलेल्याला शिडाच्या कापडात शिवायचं काम शिडवाल्याचं, आणि शिडवालाच मेला होता. शेवटचा टाका नाकातून घालायची त्यांची रीत आहे, माणूस खरंच मेलाय याची खात्री पटावी म्हणून. डॉक्टरच्या शब्दावर त्यांचा किती भरवसा, ते यातच आलं.

कप्तान माझ्याजवळ आला. “ती डबी मला दे. असल्या गोष्टी घरी पोचल्या की घरचे लोक भलतं काढतात.”

“डबी घे,” मी म्हणाले. “रिकामी आहे. आणि शिवायला मी बसते, पण दिवा डॉक्टर धरेल.”

कप्तानाने माझ्याकडे पाहिलं, हबाकुककडे पाहिलं, त्याच्या हातातल्या बंदुकीकडे पाहिलं आणि डॉक्टरला बोलावलं.

मी मॅग्नसचा पाय मांडीवर घेतला, अंगठा जागेवर बसवला आणि शिवायला लागले. कातडीच्या होडीला घालतो तो टाका, दोन पदरी. डॉक्टर दिवा लांब धरून उभा होता.

“वास फार आहे,” तो म्हणाला. “मफलर लावू का?”

“नाही,” मी म्हणाले. “दिवा खाली घे.”

नाकात टाका घातला नाही. कापड बंद केलं, दात लावून दोरा तोडला आणि त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “बायकी टाका आहे, म्हाताऱ्या. यातून व्हेल जाणार नाही.”